गरजू आणि होतकरू

बूट सुरेंद्रच्या पायात अगदी सहज गेले, पण तिथे टिकायला तयार नव्हते. पाऊल उचललं की पाय वर यायचा आणि बूट सारवलेल्या जमिनीवरच राहायचा.

"माय, हे लय मोठे होऊन राह्यले वं."

"कागद कोंब अंदर," गोकुळा चुलीपुढून म्हणाली. "जंगलखात्याच्या नाकेदाराचे बूट हायत ते. त्याच्या बायकोले किती इनवण्या केल्या तवा भेटले. मोठे असले तं असले. पायात बूट हाय एवढं दिसलं म्हणजे झालं."

कागद शोधताना सुरेंद्रच्या हाताला लागला तो त्याच्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा खर्डा. 'मालगुजारी काळातील तलावांची व्यवस्था.' त्याचे मार्गदर्शक गुरनुले सर यांनी त्यावर लाल शाईनं जागोजाग 'पुरावा?' असं लिहून ठेवलं होतं. त्यानं ती पानं चुरगाळली, दोन्ही बुटांच्या टोकांत कोंबली आणि उभा राहून पाहिलं. बूट बसले. लिहिल्यापासून त्या प्रकरणाचा कुणाला काही उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती.

सुरेंद्र गोविंदा मारबते हा मूल तालुक्यातल्या त्या गावच्या मच्छीमार वस्तीतला पहिला एम.ए. विषय इतिहास. 'चंद्रपूर जिल्ह्यातील जुने तलाव आणि त्यांवर जगणारी माणसे' यावर तो पीएच.डी.ला बसला होता, आणि बसला तो बसलाच होता. संशोधनाला फिरावं लागतं, फिरायला भाडं लागतं, जुन्या दप्तरांच्या झेरॉक्सला पैसे लागतात, आणि हे सगळं इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोण देणार, या एकाच प्रश्नावर त्यानं प्रबंधापेक्षा जास्त संशोधन केलं होतं. नेटची परीक्षा त्यानं दोनदा दिली आणि दोनदा ती थोडक्यात हुकली. विद्यापीठाची एक शिष्यवृत्ती सगळ्या कला शाखेला मिळून होती, पण ती बरेच दिवस 'प्रक्रियेत' होती. एका कॉलेजात त्यानं तासिकांवर शिकवलं. त्याचं मानधन इतक्या उशिरा निघालं की तोपर्यंत ते खाऊन झालं होतं. एका सरकारी कचेरीतल्या बाबूनं फाइल चाळून विचारलं, "इतिहासात मशीन-गिशीन काही लागते का? मशीन असलं तर अनुदान बसते." आणि पुढाऱ्याच्या बंगल्यावरचा माणूस म्हणाला, "तलावाचा इतिहास कायले पायजे? तलाव खोल कराचं इस्टिमेट आण, पाहू."

शेवटी गुरनुले सरांनीच वर्तमानपत्रातलं एक कात्रण त्याच्या हातात ठेवलं. मूलच्या एका राइस मिलच्या मालकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, वडिलांच्या नावानं प्रतिष्ठान काढलं होतं. कला शाखेतल्या एका 'गरजू आणि होतकरू' संशोधकाला प्रबंध पुरा होईपर्यंत विद्यावेतन मिळणार होतं.

"होतकरू आहेस की नाहीस याबद्दल दुमत होऊ शकतं," सर चष्मा पुसत म्हणाले. "गरजू आहेस याबद्दल होणार नाही. जा."

इतकी खात्रीची गोष्ट सुरेंद्रच्या आयुष्यात आजवर आली नव्हती. आणि ही हुकली तर पुढं काय, तेही ठरलेलं होतं. मामेभाऊ बुटीबोरीच्या एका गोदामात होता. त्यानं निरोप धाडला होता की दसऱ्यापर्यंत येत असलास तर चिकटवून देतो, नंतर जागा राहणार नाही. म्हणजे एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला खोकी, आणि मधे फक्त भाऊसाहेब.

अडचण एकच होती. मुलाखतीच्या पत्रात लिहिलं होतं, 'पालकांसह उपस्थित राहावे.' आणि गोविंदा हा सुरेंद्रचा बाप पाण्यात असला तरच मोकळा असायचा. डोंग्यावर उभा राहून तो जाळ्याशी, माशांशी, आभाळाशी बोलायचा. पण खुर्चीवरचा माणूस समोर आला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. तलाठ्यापुढं तो स्वतःचं नावसुद्धा धड सांगू शकायचा नाही.

"मंग लटारूभाऊले नेऊ संग," गोकुळा म्हणाली. "बोलाले माणूस पायजे."

लटारूभाऊ हे गावचं बोलायचं माणूस. पंचक्रोशीतल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या होत्या. मुलाकडचे असोत की मुलीकडचे, बैठकीला लटारूभाऊ मधे बसले की गोष्ट फिसकटत नसे. त्यांचे नियमही पक्के होते. आपल्याकडं जे असेल ते दुप्पट सांगायचं, कारण ऐकणारा मनात अर्धं करतोच. म्हणजे शेवटी खरं तेच पोचतं. वरबापानं तोंड उघडायचं नाही. आणि समोरच्यानं काहीही मागितलं तरी बैठकीत नाही म्हणायचं नाही. हो म्हणायचं आणि मग घरी जाऊन पाहायचं. या तीन नियमांवर कित्येक संसार उभे होते आणि बऱ्यापैकी चाललेही होते.

सुरेंद्रनं त्यांना आदल्या दिवशी नीट समजावलं. "भाऊ, ही सोयरीक नोहे. इथी गरिबाले पैसे देतेत. आपल्यापाशी काई नाई, हेच दाखवाचं हाय."

लटारूभाऊंनी विडीचा एक लांब झुरका घेतला. "सुरेंद्र, तू शिकला पण तुले दुनिया नाई समजली. गरिबाले कोणी काई देल्लं हाय आजपावतर? किराण्याच्या दुकानात उधारी कोणाले भेटते? ज्याच्या घरी असते त्याले. बँकेचं कर्ज कोणाले भेटते? ज्याले लागत नाई त्याले. तू 'माह्यापाशी काई नाई' म्हणशीन, तं तो म्हणन, मंग याले देल्लं तं बुडालंच."

"पण इथी वापस कराचे नाई हायत!"

"वापस कराचे नाई?" लटारूभाऊंनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "असं त्यानं लिवलं असन. तू इश्वास ठेवला?"

"भाऊ, तुमी फक्त बसजा. बोलू नका."

"नाई बोलत," लटारूभाऊ म्हणाले, आणि ते त्या क्षणी अगदी मनापासून म्हणाले.

पण गावाचं एकदा ठरलं की ठरलं. वस्तीतला पोरगा मोठ्या माणसांपुढं जाणार, मग तो उघडाबोडका कसा जाईल? बूट नाकेदाराचे आले. टेरीकॉटचा पांढरा शर्ट मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष वारलूभाऊ यांच्या जावयाचा आला. त्याच जावयाला लग्नात मिळालेलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळही आलं. ते लग्नातच बंद पडलं होतं, पण चमक गेली नव्हती. आणि वारलूभाऊ स्वतःही आले, कारण जावयाच्या घड्याळावर लक्ष ठेवणं त्यांना भाग होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळून एक भला थोरला कतला मासा बरोबर घेतला.

मूलच्या एस.टी. स्टँडवर चौघं उतरले तेव्हा कडुलिंबाखाली एक नवी कोरी जीप उभी होती, आणि तिच्या चाकाला टेकून वारलूभाऊंचा पुतण्या पत्रू विडी ओढत होता.

"काका! तुमी इथी कुठी?"

"राइस मिलवर चाल्लो. तू काऊन उभा इथी?"

पत्रूनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. तो एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडं ड्रायव्हर होता. "मालक बी तिकडंच गेलेत. पोराची मुलाखत हाय. पण पायीपायी गेले! नोकराचं फाटकं धोतर नेसलं अन् मले म्हणतेत, जीप इथीच ठेव, मिलपाशी आणू नको. वापस येईपर्यंत मी मोकळाच हावो. बसा, सोडून देतो."

"नको," सुरेंद्र म्हणाला.

"नको काऊन? तुह्या बुटातून कागद बाहेर येऊन राह्यला," वारलूभाऊ म्हणाले, आणि कतला घेऊन पुढच्या सीटवर बसले.

जीप थेट राइस मिलच्या ऑफिसपुढं जाऊन थांबली. वऱ्हांड्यात बाकावर ठेकेदार बसला होता, गुडघ्यावर ठिगळ लावलेलं धोतर, पायात काही नाही, मान खाली. शेजारी त्याचा मुलगा प्रफुल विटकी पँट घालून बसला होता. आपली जीप आपल्याच डोळ्यांसमोर फाटकातून आत येताना पाहून ठेकेदार ताडकन उठला, त्यानं तोंड उघडलं, आणि तसाच परत खाली बसला. ती जीप माझी आहे, असं जगात फक्त एका ठिकाणी त्याला म्हणता येत नव्हतं, ते ठिकाण म्हणजे हा वऱ्हांडा. पत्रूनं मालकाला पाहिलं, जीप झटक्यात मागं घेतली आणि निघून गेला.

आतल्या खिडकीतून भाऊसाहेबांनी हे सगळं पाहिलं होतं.

भाऊसाहेब मोठे सज्जन गृहस्थ होते. गळ्यात माळ, बोलणं हळू. त्यांच्याशेजारी एक निवृत्त प्राचार्य बसले होते. निवड या दोघांनीच करायची होती. प्राचार्यांच्या हातात सुरेंद्रचा उत्पन्नाचा दाखला होता आणि तो वाचून त्यांचा चेहरा चांगलाच गंभीर झाला होता. सुरेंद्रला ते फार बरं वाटलं.

"वडील काय करतात?" भाऊसाहेबांनी विचारलं.

गोविंदानं ओठ हलवले. आवाज आला नाही. दोन्ही बाजूंनी शांतता पसरली. आणि बैठकीत शांतता पसरली की काय करायचं, हे लटारूभाऊंच्या रक्तातच होतं.

"मोठा कारभार हाय जी त्याहीचा. तलाव हाय."

"तलाव? स्वतःचा?"

"आता ज्याचं जाळं अख्ख्या तलावात पडते, त्याचाच म्हणा न."

"भाऊ!" सुरेंद्र दबक्या आवाजात म्हणाला.

"जमीन?"

"तीन एकर धानाची बांधी," लटारूभाऊ म्हणाले. खरी दीड होती. नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता. पण वारलूभाऊंना नियम माहीत नव्हते, त्यांना फक्त अभिमान होता. "बाजूची धरून सहा," ते म्हणाले.

"पण दाखल्यावर तर फारच कमी दिसतंय," प्राचार्य म्हणाले.

"तलाठ्याले चहा नाई पाजला सायेब, म्हणून त्यानं कमी लिवलं."

"सर, हे खरं नाही," सुरेंद्र उठून उभा राहिला. "आमच्याकडे दीडच एकर आहे. घरावर साधी कवेलू आहेत, मातीची. मला खरंच गरज आहे."

लटारूभाऊ मोठ्यानं हसले. मुलगी पाहायला गेलेला मुलगा असाच मधेच काहीतरी बोलतो, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. "पोरगा लाजाळू हाय जी. खानदानी हाय. आपल्या तोंडानं आपली श्रीमंती सांगत नाई. घराचं म्हणाल तं स्लॅबचं काम चालू हाय, इटा येऊन पडल्या हायत."

विटा खरोखर येऊन पडल्या होत्या. सुरेंद्र चौथीत असताना. आता त्यांच्यावर दरवर्षी दोडक्याचा वेल चढायचा.

"विनय आहे मुलात," भाऊसाहेब कौतुकानं म्हणाले. "आणि ती जीप?"

"आपलीच समजा," लटारूभाऊ म्हणाले.

उघड्या दारातून वऱ्हांड्यातल्या ठेकेदाराचा खोकला ऐकू आला. सुरेंद्रनं तिकडं पाहिलं. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. जीप कुणाची, धोतर कुणाचं, सगळं. पण ते सांगितलं असतं तर संध्याकाळी पत्रू घरी बसला असता, आणि पत्रूची दोन लहान पोरं सुरेंद्रच्या अंगाखांद्यावर खेळायची. त्यानं तोंड मिटलं. त्याला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं, नेटचा निकाल पाहतानासुद्धा नाही.

"बराच वेळ झाला नाही का? किती वाजले?" भाऊसाहेबांनी सहज विचारलं.

सुरेंद्रनं सवय नसलेल्या माणसासारखं मनगट डोळ्यांसमोर नेलं. "दहा वाजून दहा मिनिटं," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी मिलचा दुपारच्या सुट्टीचा भोंगा वाजला.

"घड्याळ बंद दिसतंय तुमचं," प्राचार्य म्हणाले.

"दुसरं हाय न घरी," वारलूभाऊंनी सावरून घेतलं, आणि विषय बदलायला म्हणून पायाशी ठेवलेलं पोतं उघडून टेबलावर ठेवलं. कतल्याचं डोकं बाहेर आलं. भाऊसाहेबांनी गळ्यातली माळ हातात धरून खुर्ची मागं घेतली. प्राचार्यांनी मात्र खुर्ची थोडी पुढं घेतली. इतका वेळ दाखल्याच्या बाजूनं असलेला तो एकटाच माणूस होता. एवढा मोठा मासा जाता जाता भेट देणाऱ्यांना विद्यावेतनाची काय गरज, हे त्यांना कतल्याकडं पाहताना स्पष्ट दिसलं.

भाऊसाहेबांनी फाइल मिटली. "मनापासून सांगतो, तुमचं गाव पाहून आनंद झाला. नाहीतर इथं येणारा प्रत्येकजण रडत येतो. बाहेर बसलेल्या त्या बिचाऱ्यांकडं बघा, पायात चप्पल नाही! तुमच्यासारख्या सुस्थितीतल्या लोकांनी खरं तर अशा मुलांसाठी पुढं यायला हवं. तुमची सोसायटी प्रतिष्ठानला काही हातभार लावेल का?"

समोरच्यानं मागितलं होतं. वारलूभाऊंनी लटारूभाऊंकडं पाहिलं. लटारूभाऊंनी डोळे मिटून मान हलवली. बैठकीत नाही म्हणायचं नसतं.

"देऊ न जी," वारलूभाऊ म्हणाले. "दर साली तलावाची पयली खेप तुमच्या नावानं इकू. जे येईन ते तुमचं."

प्राचार्यांनी ते लगेच लिहून घेतलं आणि वारलूभाऊंची सही घेतली.

परतीच्या एस.टी.त चौघांना मागची बाकं मिळाली. सुरेंद्रनं बूट काढून मांडीवर घेतले होते. टाचांचं कातडं सोलून निघालं होतं.

"मी तं हिशेबानंच सांगलं," लटारूभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "त्याहीनं अर्ध केलंच नाई. एवढे शिकलेले माणसं, अर्ध कराले नाई येत?"

"अन् मी सहा कायले म्हटलं?" वारलूभाऊ खिडकीबाहेर पाहत स्वतःशीच म्हणाले.

गोविंदा त्या दिवसातलं पहिलं वाक्य तेव्हा बोलला. पाण्याशी बोलायचा तसंच, हळू.

"सुरेंद्र, जिंदगीत पयल्यांदा कोणी इचारलं होतं बापा, का तुमच्यापाशी काय नाई. अन् आपल्याले सांगताच नाई आलं."

सुरेंद्रला रडू आलं, आणि एस.टी.त आपण रडतोय याचं त्याला काहीच वाटलं नाही.

विद्यावेतन प्रफुलला मिळालं. त्याचा विषय होता 'ग्रामीण दारिद्र्य: एक समाजशास्त्रीय अभ्यास', आणि प्राचार्यांच्या मते त्याला विषयाची आतून जाण होती. सत्काराचं निमंत्रण सुरेंद्रच्या गावालाही आलं, देणगीदार म्हणून. तलावाची पहिली खेप विकून आलेलं पाकीट वारलूभाऊंनी सुरेंद्रच्या हातात दिलं, कारण स्टेजवर जायला शिकलेलं माणूस हवं होतं. सुरेंद्रनं ते पाकीट प्रफुलच्या हातात ठेवलं. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत रेशमी झब्बा घालून बसलेल्या ठेकेदारानं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

मग प्राचार्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. देणगीदारांचा मान म्हणून पुढच्या वर्षीपासून मारबत्यांच्या गावचा एक प्रतिनिधी निवड समितीवर बसेल. आणि कुणाला पक्षपाताची शंका येऊ नये म्हणून देणगीदारांच्या गावातल्या विद्यार्थ्याला कधीही अर्ज करता येणार नाही.

"इतिहासात नवीन काही घडत नाही असं मला वाटायचं," गुरनुले सर हे ऐकून म्हणाले. "मी आजवर शिष्यवृत्ती नाकारलेले विद्यार्थी पाहिले. शिष्यवृत्ती मागायला जाऊन ती देऊन आलेला तू पहिला." मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. प्रबंध टाकू नकोस, असं ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

सुरेंद्र दसऱ्याच्या आधी बुटीबोरीला गेला. गोदाम कोरडं होतं, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं सांगता येईल. प्रबंध ट्रंकेत गेला. दुसरं प्रकरण मात्र नाकेदाराच्या बुटांतच राहिलं होतं. ते परत मागायला कुणी गेलं नाही.

पुढच्या सप्टेंबरात लटारूभाऊंचा निरोप आला. समितीवर गावानं त्यांनाच पाठवलं होतं, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. "कागद वाचाले ये," त्यांनी कळवलं होतं. सुरेंद्र एका दिवसाची रजा टाकून आला. यायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. पण नाही म्हणायची सवय त्यालाही नव्हती.

तीच खोली होती, तेच टेबल. या खेपेला सुरेंद्र टेबलाच्या या बाजूला होता, समितीच्या वहीपुढं पेन घेऊन. पहिल्या दोन उमेदवारांचे पालक इतकं सुरेख रडले की भाऊसाहेबांनी रुमाल काढला. लटारूभाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी वर्षभरात बोलणं बरंच कमी केलं होतं.

तिसरी उमेदवार जिवतीच्या पहाडाकडची एक मुलगी होती. नाव साक्षी, विषय पहाडावरची बायकांची गाणी. मुलगी हुशार होती, नीट उत्तरं देत होती. बरोबर बाप लहानू, अंगात कडक इस्त्रीचा कोट घालून गप्प बसलेला, आणि बोलायला आणलेला मामा.

"शेती किती?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"वीस एकर," मामा म्हणाला. "हिरीले बारमाही पाणी. दोन बैलजोड्या. पोट्टी काई आमाले जड नाई सायेब."

प्राचार्यांनी दाखल्याकडं पाहिलं, मामाकडं पाहिलं आणि दाखला खाली ठेवला. भाऊसाहेब फाइल मिटत होते. "छान. म्हणजे परमेश्वराची कृपा आहे. मग आपण दुसऱ्या…"

"थांबा जी," लटारूभाऊ म्हणाले.

ते पुढं वाकले. त्यांनी मामाकडं पाहिलंच नाही. ते लहानूच्या मनगटाकडं पाहत होते. तिथं एक मोठं चकचकीत घड्याळ होतं.

"भाऊ, किती वाजले?"

लहानूनं मनगट डोळ्यांसमोर नेलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला. "सव्वाचार… असतीन," तो म्हणाला. मिलचा दुपारचा भोंगा नुकताच वाजून गेला होता.

लटारूभाऊंनी मान खाली करून टेबलाखाली पाहिलं. मग सुरेंद्रनंही पाहिलं. लहानूच्या काळ्या बुटातून, टाचेपाशी, वर्तमानपत्राचं एक टोक बाहेर आलं होतं.

"सुरेंद्र, नाव लिव."

"अहो, वीस एकर म्हणतात ते!" भाऊसाहेब म्हणाले.

"वीस म्हणतेत न? मंग काईच नाई त्याहीच्यापाशी. ज्याच्यापाशी असते तो रडते जी. मले इचारा, मी चाळीस साल नाई ते हाय म्हणूनच सांगलं." प्राचार्य काही बोलणार होते, पण लटारूभाऊंनी त्यांच्यापुढं उत्पन्नाचा दाखला सरकवला. "हे वाचा. तुमचाच कागद हाय. औंदा तरी त्याच्यावर इश्वास ठेवा."

प्राचार्यांनी दाखला पुन्हा वाचला. भाऊसाहेबांनी मुलीकडं पाहिलं. खोलीत शांतता पसरली, आणि शांततेत बोलणं हे मामाच्याही रक्तात असावं.

"सायेब, आमी बी काई कमी नाई," तो छाती काढून म्हणाला. "संस्थेले दर साली दोन पोते…"

"चूप!" लटारूभाऊ अर्धे उभे राहिले. "एक शब्द बोलू नको भाऊ, हात जोडतो. पोट्टीची जिंदगी हाय." मग ते लहानूकडं वळले. बैठकीत वरबापाला कधी बोलू न देणारा तो माणूस त्याच्यापुढं वाकून म्हणाला, "तुमी बोला. सायेबानं इचारलं हाय. जे नाई ते सांगा. लाजू नका, आज लाजू नका."

लहानूनं ओठ हलवले. आवाज आला नाही. त्यानं पोरीकडं पाहिलं, मग घड्याळ काढून खिशात टाकलं.

"नाई जी," तो म्हणाला, "आमच्यापाशी काई नाई."

सुरेंद्रनं नाव लिहिलं.